काडीपेटीएवढा सप्लाय

कस्तुराबाईच्या मनात दिनकररावांबद्दल शक शिरला तो भुईमुगाला शेंगा धरायच्या दिवसांत, आणि एकदा शिरला तो काही केल्या निघेना.

दिनकरराव तिचे धाकटे दीर. पेडगावच्या शिवारात दोघांची रानं एकमेकांना लागून, विहीर सामाईक आणि मोटर एकच. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती, एकुलती एक लेक भक्ती पालमला नांदत होती, आणि कस्तुराबाई आपलं चार एकर एकटीनं कसत होती. शेतीची लाइन आठवड्यातले चार दिवस दिवसा यायची, तीन दिवस रात्री. दिवसाचं पाणी तिचं, रात्रीचं दिनकररावांचं, अशी वाटणी ठरलेली.

विहिरीवर पत्र्याची एक खोली होती. तिच्यात मोटारीचा स्टार्टर आणि त्याला जोडलेला मोबाइलवरचा ऑटो. घरून फोन लावला की मोटर चालू, पुन्हा लावला की बंद. तीन वर्षं तो ऑटो निमूट चालला. या एप्रिलपासून मात्र त्याच्या अंगात काय आलं कोणास ठाऊक. सकाळी नऊला मोटर सुरू व्हायची, अकरा-साडेअकराला पाणी चौथ्या वाफ्यात पोचतंय न पोचतंय तोच बंद. फोन लावला तर लागायचा नाही. खोलीत जाऊन बघावं तर ऑटोचा हिरवा दिवा विझलेला. हातानं बटन दाबलं तर बोट आहे तोवर मोटर घरघरायची, बोट काढलं की गप्प.

गावचा वायरमन भागवत दिवसभर परभणीला कामावर. तो संध्याकाळी पाचला उगवायचा, आणि तेव्हा दिवा मजेत लागलेला असायचा.

"काकू, ह्याला काय धाड भरलीय? चालू तर हाय."

"दिवसभर मेलेला होता रे. आत्ता जिता झालाय."

"मग मीच रोज येऊन बसतो इथं," भागवत हसत म्हणाला आणि पान्हे पिशवीत टाकून गेला.

असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी तिनं भागवतला बोलावलंच नाही. बांधावर बाभळीखाली बसून ती खोलीकडं बघत राहिली. ऊन कललं. साडेचारच्या पुढं दिनकरराव म्हशी घेऊन हौदावर आले. म्हशी पाणी पीत होत्या तेवढ्यात ते खोलीत शिरले, थोडा वेळ आत राहिले आणि बाहेर येऊन म्हशी हाकत निघून गेले. ते बांधाआड गेल्यावर कस्तुराबाईनं जाऊन पाहिलं. दिवा लागलेला होता.

तिथून तिचं डोकं फिरलं. सगळ्या गोष्टी आपोआप एका दोरीत ओवल्या जाऊ लागल्या. ऑटो बंद पडतो तो तिच्याच दिवसांत. दिनकररावांच्या रात्री एकदाही पडत नाही. त्यांचा ऊस हिरवागार आहे, तिचा भुईमूग दुपारी माना टाकतो. खोलीची एक चावी तिच्याकडं, एक त्यांच्याकडं, तिसरी कोणाकडं नाही. आणि मुळात रात्रीचं पाणी कोणी मागून घेतलं? त्यांनीच. दिवसा लाइनीत जोर नसतो, अख्खं शिवार ओढतं. रात्रीची लाइन भरदार. नवऱ्याच्या तेराव्याच्या दिवशी ती रडून रडून बधिर झालेली असताना त्यांनी हा हिशोब केला असणार, असं तिला आता वाटू लागलं.

खात्री करायची म्हणून तिनं एका सकाळी कुलूप लावल्यावर कोयंड्याला करड्या दोऱ्याचा एक फेर दिला. नीट पाहिल्याशिवाय दिसू नये असा. मोटर सुरू करून ती घरी जेवायला गेली. साडेबाराला परत आली तेव्हा मोटर बंद होती आणि दोरा तुटून खाली पडला होता.

त्या संध्याकाळी तिनं पेठेतून नवीन कुलूप आणून लावलं आणि दोन्ही चाव्या कमरेच्या पिशवीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवसापासून रात्रीची लाइन होती. दूध घालायच्या वेळी डेअरीवर दिनकरराव तिच्यापाशी आले. दहा-बारा माणसं किटल्या घेऊन रांगेत होती.

"वैनी, खोलीला दुसरं कुलूप दिसायलंय. चावी द्या, उसाला पाणी द्यायचंय."

"चावी मिळणार न्हाई."

"कामून?"

"माझ्या पाळीला मोटर कोण बंद करायलंय ते तुमालाच ठाव."

रांगेतल्या माना वळल्या. दिनकररावांनी किटली खाली ठेवली. ते मुळात कमी बोलणारे, त्यात माणसांसमोर तर जीभ टाळूलाच चिकटायची.

"म्हणजे मी बंद करायलोय?"

"काल दुपारी खोलीत कोण गेलतं? सांगा की."

"मी गेलतो," ते म्हणाले. "मोटर बंद दिसली म्हणून गेलतो."

"आणि तुमी गेल्यावर चालू झाली का?"

"न्हाई झाली."

"बघा," कस्तुराबाई रांगेकडं वळून म्हणाली, जणू सगळं सिद्ध झालं.

दिनकरराव किटली उचलून म्हणाले, "तुमचा इतका शक हाय तर ऑटो उघडून बघा, वैनी. त्याच्या पोटात काय हाय ते एकदा बघाच." आणि दूध न घालताच घरी गेले.

तिन्ही रात्री उसाला पाणी मिळालं नाही. त्यांनी कुलूप तोडलं नाही, पंचांकडं गेले नाहीत, पुन्हा मागायलाही आले नाहीत. कस्तुराबाईला याचाही शक आला. ज्याचं पीक वाळतंय तो माणूस इतका शांत कसा? आणि उघडून बघा असं ते कशाच्या जोरावर म्हणाले? कुठल्याशा गावात कापसाच्या काट्यात रिमोटचा तुकडा सापडला होता, बटन दाबलं की वजन कमी, असं तिनं बाजारात ऐकलं होतं. ऑटोतही तसलंच काही बसवलं असेल आणि साध्या नजरेला ते दिसणार नाही याची त्यांना खात्री असेल.

चौथ्या सकाळी तिनं भागवतला गाठून ऑटो सोडवून घेतला. "दिनकररावाला बोलू नकोस," असं बजावलं. तो "बरं" म्हणाला, पण इतक्या पटकन म्हणाला की तिला त्याचाही भरवसा वाटेना. परभणीला जायचं तिनं मनातूनच काढून टाकलं. ऑटो तिथल्याच दुकानातून दिनकररावांनी आणला होता, तिथले मिस्त्री त्यांना नावानं ओळखत. तिनं ऑटो जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि सेलूची गाडी धरली. सेलूत तिला कोणी ओळखत नव्हतं, आणि मुख्य म्हणजे दिनकररावांनाही.

स्टेशनच्या रस्त्यावर एका अरुंद दुकानाच्या दारात मन्मथअप्पा नावाचे एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवर बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोळ्यांवर जाड भिंगं. आत टेबलाशी तिशीतली एक बाई मान खाली घालून एका पट्टीवर सोल्डरचा डाग लावत होती.

"मिस्त्री कुठं हायत?" कस्तुराबाईनं विचारलं.

"ती काय मिस्त्री," म्हातारे म्हणाले. "माझी लेक, त्रिवेणी. माझी नजर गेली, आता तीच बघते."

कस्तुराबाई उंबऱ्यातच थांबली. "पेडगावात तुमचं कोणी हाय का? दिनकरराव म्हणून कोणी?"

त्रिवेणीनं मान वर केली. "न्हाई मावशी. पेडगाव मी गाडीतूनच बघितलंय."

तेव्हा कुठं तिनं लुगड्याची गाठ सोडली.

त्रिवेणीनं ऑटो उघडला. हिरव्या पट्टीवर बारक्या बारक्या चिजा होत्या, एका कोपऱ्यात सिमकार्ड, आणि दुसऱ्या कोपऱ्यात काडीपेटीएवढा एक काळा ठोकळा, चारी बाजूंनी बंद. तळाशी पांढरी पूड सांडलेली होती.

"हे बघा," कस्तुराबाई झटकन पुढं झाली. "ही पूड. ही मी टाकलेली न्हाई."

त्रिवेणीनं चिमटीत घेऊन वास घेतला. "मुंग्याची पावडर हाय. कोणीतरी मुंग्या शिरू नयेत म्हणून टाकलीय."

"म्हणजे उघडला होता त्यांनी."

"उघडला असंल. पण ह्यानं काही बिघडत न्हाई."

तिनं ऑटोला लाइन दिली. दिवा टपकन लागला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, दिवा तसाच. कस्तुराबाईला हे ठाऊकच होतं. माझ्या रानाबाहेर सगळीकडं चालतो हा, ती मनात म्हणाली. तिनं काळ्या ठोकळ्यावर बोट ठेवायला हात पुढं केला. त्रिवेणीनं तिचं मनगट धरून मागं घेतलं.

"लाइन हाय मावशी. हात मांडीवर ठेवा. हा सप्लाय हाय. मोठ्या लाइनीतून बारीक करंट काढून बाकीच्याला देतो. हा थांबला की सगळंच थांबलं."

"सगळं उघडं हाय, मग हाच कामून बंद हाय?"

"पाणी, धूळ जाऊ नये म्हणून."

"मला तो उघडून दाव."

"उघडला की तो परत बसवता येत न्हाई. नवीन टाकावा लागंल."

"नवीन टाक. पण ह्याच्या पोटात काय हाय ते मला बघायचंय."

त्रिवेणीनं बापाकडं पाहिलं. मन्मथअप्पांनी मान हलवली. "बघू दे तिला. इतक्या लांबून आलीय."

लाइन काढून तिनं ठोकळ्याचे पाय डागातून सोडवले. मग बारीक करवतीनं चारी कडांवर रेघ मारून वरचं प्लास्टिक उचकटलं. आत काळं, रबरासारखं काहीतरी भरलेलं होतं. गरम हवेच्या नळीनं ते मऊ करत, लाकडी काडीनं टोकरत ती ते थोडं थोडं काढू लागली. डिंक जळावा तसा वास सुटला. कस्तुराबाई डोळ्याची पापणी लवू देत नव्हती. त्रिवेणीच्या दोन्ही हातांवर तिची नजर होती, न जाणो एखादा तुकडा मुठीत दडवायची.

अर्ध्या तासानं आतली पट्टी मोकळी झाली. नखाएवढ्या चिजा. त्रिवेणी काडीनं एकेक दाखवत गेली. "हा फ्यूज. हे लाइन सरळ करणारे डायोड. ही नळकांडी म्हणजे कॅपॅसिटर, पाण्याच्या हौदासारखा करंट साठवतो. ही आयसी. आणि हा पिवळी पट्टी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर."

"ह्यात फालतूचं कोणतं?"

"फालतू काहीच न्हाई."

"तू सांगायलीस म्हणून मी कसं धरू? ह्यात काय असावं ते मला कुठं ठाव हाय?"

त्रिवेणीला राग आला असावा, पण तिनं तो दाखवला नाही. टेबलाखालच्या डब्यात हात घालून ती खुडबुडत राहिली आणि तसाच एक जुना, मेलेला ठोकळा काढला. त्यावर तेच नाव, तोच आकडा. तोही तिनं तसाच उघडला. आणखी अर्धा तास गेला. मग दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. "आता तुमीच मोजा."

कस्तुराबाईनं मोजल्या. डावीकडं फ्यूज, उजवीकडं फ्यूज. इकडं नळकांडी, तिकडं नळकांडी. दोनदा मोजलं. मन्मथअप्पांनी दिलेलं भिंग घेऊन तिसऱ्यांदा मोजलं. दोन्हीकडं सारखंच होतं.

तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिनं भिंग पुन्हा उचललं आणि चौथ्यांदा मोजलं.

"मग बंद कसा पडतो?" ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता.

"कितीला पडतो?"

"अकरा, साडेअकरा. संध्याकाळी परत चालू."

"खोली कशाची हाय?"

"पत्र्याची."

त्रिवेणीनं कस्तुराबाईच्या पट्टीला दोन वायरी डागल्या, एक बारका दिवा जोडला आणि लाइन दिली. दिवा लागला. मग तिनं गरम हवेची नळी लांबून पट्टीवर धरली. पहिल्यांदा काही झालं नाही. मग दिवा लुकलुकला आणि विझला. तिनं नळी बाजूला केली, टेबलफॅनचं तोंड पट्टीकडं वळवलं. पाचेक मिनिटांत दिवा आपला आपण लागला.

"परत कर," कस्तुराबाई म्हणाली.

तिनं परत केलं. पुन्हा विझला, पुन्हा लागला. लाइन काढून तिनं पट्टी उलटी केली आणि भिंग वर धरलं. ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाभोवती डागावर केसाएवढी गोल भेग होती.

"डाग तडकलाय. थंड असला की चिकटून राहतो, तापला की सुटतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते तुमाला ठाव हाय."

कस्तुराबाई भिंगातून बघत राहिली. तिच्या शकाला अजून एक वाट दिसली तसं तिनं घाईनं विचारलं, "मग त्यांच्या पाळीला कामून पडत न्हाई?"

"त्यांची पाळी कवा असते?"

"रातच्याला."

त्रिवेणीनं टेबलफॅनकडं बोट दाखवलं.

दारातून मन्मथअप्पा म्हणाले, "तुमी दिवसाचं घेतलं ते बरं केलं, बाई. रातच्याला विंचूकाट्यात बाईमाणसानं एकटीनं कशाला जायचं."

"मी न्हाई घेतलं," कस्तुराबाई म्हणाली.

तेराव्याचा दिवस तिला आठवला, पण आता वेगळाच. ती भिंतीला टेकून बसली होती. दिनकरराव दारात उभे होते, आत न येता. ते म्हणाले होते, "वैनी, रातचं पाणी मी धरतो. तुमी दिवसाचं घ्या." एवढंच. का ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. सात वर्षं थंडीत, पावसाळ्यात, साप निघण्याच्या दिवसांत ते बॅटरी घेऊन उसात पाण्याचे बारे देत फिरले होते, आणि ती दारं लावून झोपली होती.

त्रिवेणीनं नवीन सप्लाय बसवला, ऑटोचं झाकण लावलं. "खोलीवर काहीतरी सावली टाका, नाहीतर हाही तसाच जाईल," म्हणाली. उघडलेल्या पट्टीवरच्या चिजा कस्तुराबाईनं कागदाच्या पुडीत बांधून मागून घेतल्या.

परतीच्या गाडीत ती काय बोलायचं ते जुळवत होती. मानवत रोडपर्यंत एक जुळवलं, ते मोडलं. पुढं दुसरं जुळवलं, तेही खोटं वाटलं. पेडगावला उतरल्यावर ती घरी न जाता थेट दिनकररावांच्या दारात गेली.

त्यांची बायको सुलाबाई अंगणात मिरच्या निवडत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. बस म्हणाली नाही.

"भावजी हायत का?"

"घरात हायत."

दिनकरराव बाहेर आले. कस्तुराबाईनं पुडी ओट्यावर सोडून चिजा पसरल्या. तिला नावं नीट आठवत नव्हती, तरी ती एकेक दाखवत गेली. "हा फ्यूज. हा हौद. आणि ह्याचा डाग तडकला होता. उन्हानं तापला की सुटत होता. तुमी काही केलेलं नव्हतं."

दिनकरराव खाली बसले आणि तो पिवळ्या पट्टीचा तुकडा बोटांत फिरवून बघत राहिले.

"कुठं उघडला?"

"सेलूला."

"परभणी सोडून सेलूला कामून?"

तिला खोटं सुचलं होतं. भाचीकडं काम होतं असं म्हणता आलं असतं. "परभणीतले सगळे तुमच्या ओळखीचे," ती म्हणाली.

सुलाबाईनं हातातली मिरची सुपात टाकली. दिनकररावांच्या चेहऱ्यावर डेअरीवर आली होती तशीच एक सावली आली. खरं बोलल्यानं त्यांना दुसऱ्यांदा लागलं होतं.

"मुंग्याची पावडर तुमी टाकली का?" तिनं विचारलं.

"हाव. मला वाटलं मुंग्या शिरून बंद पडायलाय. दोनदा उघडून टाकली."

"मला सांगायचं की."

"सांगणार होतो. तवर तुमी दोरा बांधायला लागलात. बघितला होता मी दोरा. तवा वाटलं, कोण्या पोरानं बांधला असंल; डेअरीवर तुमी बोललात तवा उमगलं."

कस्तुराबाईला मान वर करवेना. "भावजी, माझं चुकलं. माणसांत बोलले, माणसांतच माघारी घेते."

"डेअरीवर काही बोलू नका," ते म्हणाले. "उगीच परत चर्चा."

पण ती बोलली. दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहून, किटली हातात असताना, मोटर सप्लायनं बंद पडत होती, दिनकररावांचा काही कसूर नव्हता, असं तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. एक-दोघांनी दुधाला भाव न लागल्यासारखे चेहरे केले. गावाला पहिली गोष्टच जास्त आवडली होती.

भागवतनं ऑटो बसवला. दिनकररावांनी उसाच्या पाचटाच्या पेंढ्या आणून पत्र्यावर रचल्या, तिनं खालून एकेक वर दिली. पेंढ्या संपल्यावर ती म्हणाली, "आता रातच्या पाळ्या वाटून घेऊ. एक आठवडा मी."

"तुमी रातच्याला रानात जाणार?"

"जाईन."

"बघू," ते म्हणाले आणि शिडी उचलून घेऊन गेले. त्या 'बघू'चा अर्थ हो की नाही ते तिला कळलं नाही.

सुलाबाई पोळ्यापर्यंत तिच्याशी बोलली नाही. तीन रात्री चुकलेल्या पाण्यानं उसाचा एक पट्टा पिवळा पडला तो सावरला, पण शेजारच्या उसाच्या उंचीला काही आला नाही. भुईमूग मात्र निम्म्याहून जास्त हाती लागला.

पाचट टाकल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, भर दुपारी साडेबाराला, मोटर चालू असताना कस्तुराबाई वाफ्याचं तोंड फोडत होती. पलीकडच्या बांधावर दिनकरराव उभे होते, विहिरीकडं तोंड करून. तिचा हात थांबला. हे इकडं कामून बघायलेत, असं तिच्या मनात चमकून गेलं, आणि ते गेल्याचं तिचं तिलाच कळलं. तिनं खोरं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि हाक मारली.

"भावजी, चहा केलाय बाभळीखाली. या."

ते जरा वेळ जागचे हलले नाहीत. मग चपला हातात घेऊन ओल्या वाफ्यातून तिच्याकडं यायला लागले.